समोरच्या गावासाठी मागणं

आमच्या येरवड्याच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेतल्या, म्हणजे सामुदायिक उपासनेतल्या, विनंत्या पाळीपाळीने एकेक कुटुंब लिहून आणतं आणि वेदीजवळ उभं राहून वाचतं. सीमेवर तोफा सुरू झाल्या त्याच आठवड्यात आमची पाळी आली. आमचा मुलगा तोफखान्यात. त्याचा फोन लागत नव्हता आणि मला एका जागी बसवत नव्हतं. दूध उतू गेलं, भाजी करपली, गॅलरीत जाऊन मी उगाचच रस्त्याकडे बघून येत होते.

पहिली विनंती आपसूक लिहिली गेली. आमच्या जवानांना सुखरूप ठेव. दुसरी नवऱ्याने चष्मा वर सरकवून वाचली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या निःशस्त्र माणसांना वाचव.

"दोन्ही? तिकडच्यांनी निरोप धाडलाय वाटतं तुला?" स्वारगेट डेपोत नोकरी करून रिटायर झालेला माणूस, बोलणं तिथलंच.

"अहो, चर्चची शिकवण आहे ती. ज्याच्या हातात शस्त्र नाही त्याच्यावर नेम धरायचा नाही. तसा हुकूम आला तरी पाळायचा नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी मीच शिकवते."

"आपल्या पोरालाही तूच शिकवलंस," तो म्हणाला आणि पेपर उघडून बसला.

खरंच होतं ते. दृढीकरणाच्या संस्काराआधी तो माझ्याच वर्गात बसायचा, खिडकीजवळ, अर्धं लक्ष बाहेर. तेव्हा ही शिकवण मी फळ्यावर लिहायचे, पुसायचे आणि घरी येऊन कुकर लावायचे. आता मी कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली. ऐन वेळी त्याला माझे शब्द आठवले आणि हात थबकला तर? समोरून गोळा यायला तेवढा वेळ पुरे. आणि आठवलेच नाहीत तर? मला दोन्हींची भीती वाटत होती, आणि कुठली जास्त हे स्वतःशीही ठरवता येत नव्हतं.

रविवारी मी दोन्ही वाचल्या. पहिलीला सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. दुसरीला आवाज विरळ झाला. पुढच्या बाकावरच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. नवरा बोलला की नाही, ते मला ऐकू आलं नाही.

मिस्सा सुटल्यावर स्कूटरपाशी पोचलो आणि मुलाचा फोन आला.

"आई, बरा आहे मी."

मला रडूच फुटलं. जेवलास का म्हणून विचारलं, तर हो म्हणाला.

"आई, समोर एक गाव आहे. परवापासून तिथे रात्री एकही दिवा दिसत नाही. माणसं आधीच निघून गेली असतील ना?"

मला त्या गावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"हो रे बाळा, गेली असतील."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हणाले.