गालानं पाहिलेली हवा

माझ्या जुन्या ट्रकच्या एसीची हवा अंगाला लागतच नव्हती. ब्लोअर फुल केला तरी तो नुसता घोंघावायचा. म्हणून उतईच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची अजून चुटपुट लागते.

डॅशबोर्ड खोलून तो कूलिंग कॉइलवरचा धुळीचा थर ब्रशनं काढत बसला. आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची काळी धूळ ती, बोटाला लागली की चमकते. मग सगळं जोडून त्यानं एसी चालू केला आणि डोळे मिटून जाळीला सरळ गालच टेकवला.

मला हसू आलं. "काका, हात लावून पाहा ना!"

त्यानं तळवे उघडून दाखवले. त्यांवर एकही रेष नव्हती, नुसती तुकतुकीत कातडी.

"प्लांटमंदी भट्टीवर जळले. पाना पकडता येते, पण गरम-थंड समजत नाही."

मग ब्रश झटकत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "घरवाली म्हणे, अंग तापून राहिलं. म्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, कुठं हाये ताप? अन् ड्युटीवर निघून गेलो. हाताचं ध्यानातच नाही आलं. परत आलो, तं ती गेली होती."

त्यानं पुन्हा जाळीला गाल लावला.

"आता बराबर थंड हाये," तो म्हणाला. पण गाल काही त्यानं काढला नाही.