माझ्या वाट्याची वाकळ

भावाने गावाकडच्या घराच्या स्लॅबचं काम काढलं, म्हणून माय दिवाळीपर्यंत माझ्याकडे बीडला राहायला आली. वडवणीच्या बसमधून उतरली तीच कंडक्टरशी भांडत. त्याने तिची पत्र्याची पेटी डिकीतून ओढताना आपटली होती. स्टँडाबाहेरच्या रिक्षावाल्याने पेटी उचलली आणि विचारलं, "आजी, दगडं भरलेत का काय?"

"चिंध्या हायत," माय म्हणाली. "पर हळू ठिव."

खरोखर चिंध्याच होत्या. जुनी लुगडी, वडिलांची धोतरं, परकरांचे घेर, भावाच्या शाळेच्या खाकी चड्ड्या, आणि त्या सगळ्यांच्या बुडाशी तीन अर्धवट शिवलेल्या वाकळी. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. माय हाताला काम नसलं की वाकळ काढायची आणि काम आलं की ठेवून द्यायची, आणि तिला काम कायमच असायचं.

मी कचेरीत कारकून आहे. अर्धवट गोष्ट दिसली की माझं डोकं उठतं. प्रलंबित प्रकरण टेबलावर राहिलं तर मला जेवण जात नाही. नवरा म्हणतो, ही देव्हाऱ्यातल्या देवांनाही जावक क्रमांक देईल. शिवाय माझ्या कपाटातही लाज वाटावी इतके ब्लाऊजपीस साठले होते. बारसं, वास्तुशांत, डोहाळजेवण, जाईल तिथे ओटीत एक ब्लाऊजपीस पडतोच. तो कुणी शिवत नाही. तो पुढच्या ओटीत जातो. एक मोरपंखी तुकडा तर मी शेजारणीला दिला होता आणि दोन वर्षांनी तिसऱ्याच बाईने मला हळदीकुंकवाला तो परत दिला. मी मायला म्हटलं, "तू हायस तवर ह्या तिन्ही वाकळी पुऱ्या करू, आणि माझे ब्लाऊजपीस संपवू."

माझं बोलणं ऑफिसात वेगळं असतं. मायसमोर ते आपोआप गावाकडचं होतं.

पहिली वाकळ वडिलांच्या धोतरांची होती. ते गेल्यावर तिने ती काढली आणि चार ओळी घालून ठेवून दिली. ती आम्ही दोन शनिवार-रविवारात पुरी केली. हॉलमधला सोफा भिंतीला लावायचा, फरशीवर वाकळ पसरायची, चार कोपऱ्यांना वरवंटा, खलबत्ता आणि नवऱ्याचे दोन डंबेल ठेवायचे. मी एका टोकाला, माय दुसऱ्या टोकाला. तिचे टाके तांदळाएवढे आणि एका रेषेत. माझे टाके पाहून ती म्हणाली, "असे टाके पोत्याला घालतेत." दुसरी वाकळ भावाच्या लग्नात द्यायची होती. आता त्याची पोरं शाळेत जातात. तिच्या काठाला आम्ही माझे ब्लाऊजपीस जोडले, तो फिरून आलेला मोरपंखीसुद्धा. तो एकदाचा शिवला गेला, त्याचा मला फार आनंद झाला.

तिसरी वाकळ मात्र मी चार दिवस हात न लावता ठेवली होती. ती माझी होती.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची गाडी गावात यायची. ते जायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. धाकटा भाऊ अंगावर पिणारा होता, म्हणून तो त्यांच्याबरोबर. मी शाळेत जाणारी, म्हणून मी युसूफ वडगावला आत्याकडे. चौथीपासून दहावीपर्यंत सात हिवाळे मी आत्याकडे काढले. आत्या वाईट नव्हती. तिचीच पाच माणसं होती आणि पांघरुणं चार. मी आतेबहिणीच्या पांघरुणात निजायचे. ती झोपेत कूस वळली की पांघरूण तिच्याबरोबर जायचं. मग मी गव्हाचं रिकामं पोतं ओढून घ्यायचे.

चौथीत जातानाच मायने ही वाकळ माझ्यासाठी काढली होती. माझ्या फाटलेल्या झग्यांची. "आवंदा न्हाई झाली," ती गाडीत बसताना म्हणाली, "आल्यावर पुरी करते." आल्यावर ती थोडी शिवायची. मी शेजारी बसून दोऱ्याचं टोक थुंकीने ओलं करून द्यायचे. मग दसरा यायचा, आणि पुन्हा तेच, "आवंदा न्हाई झाली." सात वर्षं. भावाची वाकळ मात्र कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीवर, निघताना तयार असायची. मला मायचा राग यायचा असं मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण यायचा. पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, घरात गाद्या, ब्लँकेटं आली, आणि तो राग मात्र जिथल्या तिथे राहिला. एवढंसं फडकं, तिला सात वर्षांत पुरं करावंसं वाटलं नाही, असं माझं म्हणणं होतं.

त्या शनिवारी सकाळी माय न्हाणीत होती. मी ठरवलं, आज हिचा निकाल लावायचा. वाकळ पसरली. ती माझ्या आठवणीपेक्षा फारच लहान होती. टाके सात रंगांचे. एका वर्षी पांढरा दोरा, एका वर्षी लाल, एका वर्षी पोत्याचं तोंड शिवायची सुतळी सोडवून काढलेला. शेवटच्या वितीएवढ्या जागेत टाके नव्हते, आणि तिथे एक सुई टोचलेली होती. पार गंजलेली. तिच्याभोवती कापडाला तांबडा डाग पडला होता. मी ती पकडीने उपटून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. घंटागाडी खाली उभी होती, म्हणून डबाही लगेच रिकामा करून आले. मग नवी सुई, नवा दोरा घेऊन बसले.

माय केस पुसत बाहेर आली. वाकळ बघितली, वाकली, त्या डागावरून बोट फिरवलं.

"सुई कुठाय?"

"गंजली व्हती. टाकली."

"कावून टाकलीस?" तिचा आवाज चढला. माय कंडक्टरवर ओरडते, भावावर ओरडते, माझ्यावर सहसा ओरडत नाही. "मला न इचारता कावून काढलीस तू?"

"अगं, सुई ती. रुपयाला मिळती."

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिचं तोंड इतकं उतरलं होतं की मीच घाबरले. मी पाणी दिलं. ते तिने बाजूला ठेवलं.

वाकळीचा काठ मांडीवर ओढून म्हणाली, "तुला म्हाईत न्हाई. तुला कुणी सांगितलंच न्हाई."

मग तिने सांगितलं. त्यांच्या टोळीतल्या बायांची रीत होती. उसाला निघताना घरात एक काम अर्धं ठेवून जायचं. कुणी सुपात निम्मं धान्य निवडून सूप तसंच उतरंडीवर ठेवायची, कुणी भिंतीचा एक कोपरा सारवायचा सोडायची. काम वाट बघत असलं की माणूस माघारी येतं. पहिल्या वर्षी तिने हे हसण्यावारी नेलं होतं. त्याच वर्षी त्यांच्या टोळीतली एक बाई घर लख्ख करून, भांडी घासून पालथी घालून, सगळं आवरून निघाली होती. उसाची गाडी उलटली त्यात ती गेली. तिची पोरगी माझ्याएवढीच होती, तीही नातेवाइकांकडे ठेवलेली.

"तवापासून मी सुई टोचून जायची," माय म्हणाली. "फडात पाय घसरला, कोयता लागला, ताप आला, तरी मनात एकच. सुई टोचलेली हाय. मला मरता येत न्हाई."

मी म्हटलं, "मग दुसरं कायबी अर्धं ठिवायचं की. भावाच्या वाकळीत टोचायची. माझ्याच कावून?"

माय माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू एवढं शिकून कचेरीत बसणाऱ्या बाईला हे कळू नये म्हणजे काय.

"त्यो तर माझ्यासंगंच असायचा. माघारी कुणाकडं यायचं व्हतं मला?"

मी हातातली सुई उगाच दोऱ्यासकट वाकळीत खुपसली आणि परत काढली. इतकी वर्षं मी हिशेब वेगळाच मांडून बसले होते. जे मला नाकारलं म्हणून मी धुसफुसत होते, त्याच्याच आधारावर ती तिकडे उभी होती, आणि हे मला चाळिशीला आल्यावर कळत होतं. माझी मलाच शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एकदा तरी सांगायचं होतं तिने.

"सांगितलं का न्हाईस?"

"पोरीला सांगायचं काय, मी मरंन म्हणून भ्याव वाटतंय?"

"आणि माझी शाळा सुटल्यावर? मग का न्हाई पुरी केली?"

"मग तू हिकडं आलीस," ती म्हणाली. "मग तुजी वाट बघायची म्हणून ठिवली."

खाली भाजीवाल्याचा गाडा आला होता आणि तो लाऊडस्पीकरवर मेथी, शेपू, कोथिंबीर ओरडत होता. तो पुढच्या गल्लीत गेला. मग माय पाणी प्यायली आणि तिने हात पुढे केला. मी तिला सुई दिली. तिने चष्मा लावला. उरलेली वीतभर जागा ती एकटी शिवत गेली. मी फक्त काठ ताणून धरला. तिने मला एकही टाका घालू दिला नाही. माझे पोत्याचे टाके तिला तिथे नको होते, असं तिने म्हटलं, पण ते कारण नव्हतं.

शेवटच्या टाक्याशी ती थांबली. वर न बघता विचारलं, "आत्याकडं थंडी वाजायची का गं तुला?"

पाडव्याला ती परत यायची तेव्हा दर वर्षी विचारायची, नीट राहिलीस ना. मी दर वर्षी हो म्हणायचे. थंडीचं तिने कधी विचारलं नव्हतं. मला आता कळलं, की विचारायचा तिला धीरच झाला नसेल.

खोटं बोलणं सोपं होतं. तिचं वय झालंय, गुडघे धरलेत, कशाला तिला आता दुखवायचं, असं एकदा मनात आलंही. पण ती सुई तशीच हातात धरून बसली होती आणि तिला खरंच ऐकायचं होतं.

"वाजायची, माय," मी म्हटलं. "लई वाजायची."

तिने मान हलवली. रडली नाही. गाठ मारली, दोरा दाताने तोडला, वाकळीवरून दोनदा हात फिरवला.

"नीज," ती म्हणाली.

"आता? दुपारचे बारा वाजलेत. पंखा फुल करूनबी घाम येतोय."

"नीज म्हणतेय ना."

मी फरशीवर आडवी झाले. तिने वाकळ माझ्या अंगावर घातली. गळ्यापर्यंत ओढली तर माझे गुडघ्यांखालचे पाय उघडे राहिले. तिने खाली ओढली तर खांदे उघडे पडले. तिने पुन्हा वर ओढून पाहिली, पुन्हा खाली. आणि मग तिचा चेहरा पडला.

"पुरत न्हाई," ती म्हणाली. "लई उशीर केला मी."

मी कुशीवर वळले आणि पाय पोटाशी घेतले.

"बग," मी म्हटलं, "पुरली."