आईच्या फोनमधला दुकानदार

आपल्या गावात किती बायांच्या फोनवर दुसऱ्याचाच ईमेल असेल? मला खरंच सांगता येणार नाही.

मी गावच्या तक्रारींसाठी छोटं ॲप बनवलंय. बटण दाबलं की लिहिलेला ईमेल समोर उघडतो, फक्त पाठवायचा. आज आईनं बंद हातपंपासाठी पहिल्यांदा ते दाबलं. मजकूर बरोबर होता, पण पाठवणारा म्हणून नाव तालुक्याच्या गावातल्या, सालेकशाच्या मोबाईल दुकानदाराचं! फोन विकताना त्यानं स्वतःचाच ईमेल टाकून दिला होता.

आई उसळली, "काऊन वो, दुरून पाणी मी आणून राहिलो, अन् तक्रार हा करन?"

हसून हसून माझं पोट दुखलं. मग आईच्या नावाचं नवं ईमेल खातं उघडलं आणि तक्रार तिनंच पाठवली.

आता ॲपमध्ये बटणाआधी एक प्रश्न टाकलाय: हा ईमेल तुमचाच आहे ना?