झुंबर

आत्याबरोबर मैफलीला गेले होते. जुन्या राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये आता गाण्याचे कार्यक्रम होतात. आत शिरताच मान वर गेली आणि न राहवून मी म्हणाले, "आत्या, केवढी मोठी झुंबड!"

आत्याने मागे वळून पाहिलं. "कुठे गं? निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत."

पुढच्या रांगेतले तिच्या ओळखीचे काका हसले. "झुंबर म्हणायचंय तिला, वहिनी. इंग्लिश मीडियम ना!"

मी पुन्हा वर झुंबराकडे पाहिलं. तंबोरे जुळले तसा वरचा एकच लोलक थरथरायला लागला. बाकीचे शेकडो स्थिर होते. त्या सुराशी त्या एकट्याचंच काहीतरी नातं असावं, हे मला आत्याला सांगायचं होतं. पण लोलक 'तो' की 'ते', हे ठरवेपर्यंत गाणं सुरू झालं. माझं नेहमी असंच होतं. दिसतं सगळं, पण शब्द तपासून घेईपर्यंत सांगायची वेळ निघून जाते. मग चीड येते. काकांची थोडी, माझी जास्त.

मध्यंतरात आत्याने विचारलं, "कसं वाटलं?"

"छान," मी म्हणाले. माझा हा एकच मराठी शब्द आजवर कुणी दुरुस्त केलेला नाही.