गाणारी : बाई

जुनी टेप शोधायला निघालं की टेप मिळो न मिळो, किस्सा मिळतोच! मी आणि नाना भुसावळला हाच उद्योग करतो. जॅझ-ब्लूज गाणाऱ्या, आता कुणालाच आठवत नसलेल्या बायकांची रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो. नाना रेल्वेतून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन, म्हणून आमच्याकडे बंद मशिनं फार आणि माणसं दोनच.

एक दिवस सत्तरी ओलांडलेल्या अक्का आल्या. त्यांची आई, मेरीबाई, रेल्वे कॉलनीतल्या डान्सला बँडबरोबर गायची. अक्का पाच वर्षांच्या असताना तिचं गाणं सुटलं. "तिचं गाणं एकदा ऐकायचंय, बस," एवढंच त्यांचं मागणं.

नरडाण्याला एका मावशींकडे मेरीबाईंची रेकॉर्ड असल्याचं कळलं. होती, पण पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून! मावशी ती सोडेनात. शेवटी नाना बाजारातून स्टीलचं झाकण घेऊन आले. रेकॉर्ड दुसऱ्याच बाईची निघाली. तीही उतरवली.

ब्लूज म्हणजे काय, असं त्याच मावशींनी विचारलं. नानांनी मोबाइलवर एक गाणं लावलं आणि यात बाई आपलं दुःख सांगते म्हणाले. मावशी पीठ चाळता चाळता अहिराणीत म्हणाल्या, "हाई ते बठ्ठं सासरनं रडणं शे."

वरणगावला त्या बँडच्या ड्रमरच्या मुलाकडे टेपची एक स्पूल सापडली. तिच्या डब्यावर ट्रम्पेटवाला, पियानोवाला, अगदी माइक आणणाऱ्याचंही नाव होतं. सगळ्यात खाली, "गाणारी : बाई". मला रागच आला. नानांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथल्या तिथे मेरीबाईंचं नाव लिहून टाकलं.

अक्कांना बोलावलं. मी मधलं बोलणं, खोकणं सगळं कापून नुसती तीन गाणी स्वच्छ करून ठेवली होती. तिन्ही गाणी ऐकून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "आवाज गोड आहे. पण ही आई नाही वाटत."

नाना डब्यावर लिहिलेल्या नावाकडे बघत बसले. मग म्हणाले, न कापलेली टेप लावून तर बघू.

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खोकलं. ट्रम्पेटवाल्यानं दोन सूर लावून पाहिले. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी त्याच गाणाऱ्या बाईचा आवाज आला, "पोरी, तो पंखा बंद कर आधी!"

अक्का उठल्या आणि त्यांनी आमच्या खोलीतला पंखा बंद केला.