मडमेची रेकॉर्ड

"गाणं लावायचं न्हाई," आबा म्हणाले.

रेकॉर्ड पाकिटातून अर्धी बाहेर आली होती. ती तशीच माझ्या हातात राहिली. कर्णा लिंबाला बांधून झाला होता, वायर ओढून झाली होती, बॅटरीवर मशीन गरम झालं होतं, आणि लग्नघरचा कर्ता माणूस सांगतोय, गाणं लावायचं नाही.

"मग काय लावू, आबा?"

"कर्णा वाजला पायजे. पर गाणं नको."

आमची विट्याला लाऊडस्पीकर सर्व्हिस होती. सर्व्हिस म्हणजे काय हो, एक मशीन, दोन कर्णे, एक माईक आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी. धंदा आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा. पण त्या वैशाखात मालक मिरजेला दवाखान्यात, ऑपरेशन होऊन पडलेले, आणि लग्नाच्या सुपाऱ्या आधीच घेतलेल्या. सुपारी मोडली तर पुढच्या वर्षी कोण बोलावणार? म्हणून मी आणि माझे धाकटे दीर विलास, असे दोघं निघालो. झाडावर विलास चढणार, मशीनवर मी बसणार. मशीन मला येत होतं. शिकवलं कुणी नाही, घरात रोज बघून आलं. पण मांडवात पाय टाकल्यापासून माणसं माझ्याकडेच बघत होती.

"आता बाई वाजिवणार व्हय रं?"

"बाय घरात काय कमी वाजिवती?"

सगळे हसले. मीही हसले. आणि वर आबांचं हे.

आबा म्हणजे नवऱ्यामुलाचे चुलते, मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेले. गाव कराडच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून बाजारात भेटतात. नवरामुलगा हणमंत, तोही शिपाई, रजेवर आलेला. त्याचा थोरला भाऊ बांगलादेशच्या लढाईत गेला, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. आपल्याकडे घरात असं झालं की लग्न एकतर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. हणमंताची रजा थोडी, आणि पुढं कुठं पाठवतील त्याचा नेम नाही. म्हणून घाई. हणमंताची आई, हौसाकाकी, लग्नाला हो म्हणाली ती एकाच अटीवर. मांडवात गाणं म्हणून वाजता कामा नये. वाजलं तर मी मांडवात यायची नाही. आणि हणमंत म्हणाला होता, आई मांडवात नसंल तर मी बोहल्यावर चढायचो न्हाई.

"हळद बी मुक्यानं लावली," आबा म्हणाले. "एका बाईनं ववी म्हटली न्हाई."

"मग कर्णाच नको ना, आबा."

"आवं, कर्णा न्हाई वाजला तर वस्तीवरची माणसं यायची कशी? त्यास्नी वाटायचं लगीन मोडलं."

ते खरंच होतं. तेव्हा मळ्यात, उसाच्या पलीकडे राहणारी माणसं कर्ण्यावरच सगळं ओळखायची. वाजायला लागला की हळद, जोरात वाजला की वरात, बंद पडला की काहीतरी विपरीत. आमच्या धंद्यात म्हणूनच पहिला नियम हा, की कर्णा गप्प राहू द्यायचा नाही. एक रेकॉर्ड संपता संपता दुसरी हातात तयार पाहिजे.

मला म्युझिकच्या रेकॉर्डी आठवल्या. हल्लीच्या मुलांना सांगायला हवं. तेव्हा सिनेमातलं एखादं गाणं गाजलं की कुणीतरी तेच गाणं नुसतं वाद्यावर वाजवायचा. कुणी गिटारीवर, कुणी क्लॅरिओनेटवर, कुणी ॲकॉर्डियनवर, म्हणजे ती छातीला बांधून ओढायची पेटी. शब्द नाहीत, नुसती चाल. अशा रेकॉर्डी फार खपायच्या. थेटरात पिक्चर सुरू व्हायच्या आधी त्याच, रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे त्याच, हॉटेलात चहाबरोबर त्याच. मालकांना फार नाद. पेटीत सात-आठ तरी होत्या.

"आबा, शब्दच नसले तर चालंल?"

आबांनी विचार केला. आत जाऊन आले. "वहिनी म्हणत्यात चालंल. पर तोंडातनं एक शबुद यायचा न्हाई, सांगून ठेवतो."

"रेकॉर्डीला तोंडच नाही, आबा," मी म्हटलं. कर्णा सुरू केला.

सकाळ चांगली गेली. जाड रेकॉर्डी त्या, एक बाजू तीन मिनिटांत संपायची. उलटायची, पुसायची, पुन्हा लावायची. मान मोडून आली. पण उसातून माणसं यायला लागली. दोनदा हौसाकाकी दारात येऊन गेल्या. उंच, काटक बाई. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. माझ्याकडे बघितलं नाही, कर्ण्याकडे बघून आत गेल्या. मला वाटलं, सुटलो.

मग दुपारी हणमंताबरोबरचे रजेवरचे दोघं-तिघं शिपाई आले, गावातली तरणी माणसं आली, जेवणं झाली, पानं झाली. मी गिटारीची रेकॉर्ड लावली. त्या वर्षी ते गाणं कुणाच्या तोंडी नव्हतं? गुराख्याच्या तोंडी होतं, कंडक्टरच्या तोंडी होतं. एकाने मांडीवर ताल धरला. दुसरा गुणगुणला. आणि दुसऱ्या कडव्याला अख्खा मांडव मोठ्यांदा गायला लागला! रेकॉर्डीला शब्द नव्हते, पण माणसांना पाठ होते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी हात हलवले. "आवं गप्प बसा, गप्प बसा!" कोण ऐकतंय? एका फेटेवाल्याला वाटलं मी ताल देतेय. तो आणखी जोरात गायला लागला.

आबा मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून पळत आले. मला "थांबा" म्हणायलाही वेळ मिळाला नाही. त्यांनी थेट पिनेच्या दांडीलाच हात घातला. रेकॉर्डीवरून पिन करकचून ओरखडा काढत गेली, तो आवाज कर्ण्यातून साऱ्या शिवारात गेला, आणि मग सगळं गप्प.

गाणारे गप्प. पान खाणारे गप्प. इतकं गप्प, की बैलाच्या गळ्यातलं घुंगरू ऐकू आलं.

दारात हौसाकाकी उभ्या होत्या. त्यांनी गाणाऱ्यांकडे बघितलं नाही. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"कोण आलं?" त्या म्हणाल्या. "कोण आलं रं, सांगा की. कोण आलंय?"

"वहिनी, कोण बी न्हाई आलं," आबा म्हणाले.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. भिंतीला हात लावत लावत आत गेल्या आणि आतून कडी लागली.

आबा माझ्या पेटीवरच बसले. "माझ्या ध्यानातच न्हाई आलं गं," म्हणाले. "थोरल्याची तार आली तवा गावात जत्रा हुती. देवळावर कर्णा चालू हुता. पोस्टमन आला, आन मीच सांगितलं, बंद करा. गाणं अर्ध्यातच बंद पडलं. वहिनी पाण्याला गेल्या हुत्या. कर्णा बंद झाला, आन त्यास्नी तिथंच कळलं. कुणी सांगायच्या आधी."

म्हणजे गाण्याची भीती नव्हती. भीती होती अर्ध्यात थांबण्याची.

हणमंत मुंडावळ्या बांधलेला तसाच कडीपाशी उभा. "आये, दार उघड की गं." दार उघडेना. उसाच्या बांधावरून माणसं पळत येताना दिसायला लागली. काय झालं, काय झालं? नवरीकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. गोरज मुहूर्त, ऊन कलायला लागलेलं. भटजी घड्याळाकडे बघतायत.

"वहिनी, काय बी लावा," विलास म्हणाले. "कर्णा चालू करा आधी."

"काय लावू, भाऊजी? जे लावीन त्याचे शब्द ह्यांना येतात. पुन्हा कुणी गायला लागला तर? पुन्हा आबांनी हात घातला तर?"

मी पेटी उपसत होते. प्रत्येक रेकॉर्ड बघायची आणि ठेवायची. हे गाणं सगळ्यांना येतं. हेही येतं. हे तर पोरीसोरींनाही येतं. पार तळाशी मडमेची रेकॉर्ड लागली.

तिची गोष्ट अशी. पाचगणीहून एक विलायती बाई गाव सोडून जाताना सामान विकत होती. मालकांनी तिचा जुना ग्रामोफोन घेतला, त्यात ही फुकट आली. मोठी, पातळ, चकचकीत. कव्हरवर निळं तळं. सगळं बाहेरच्या देशातलं संगीत, पन्नास-शंभर सारंग्या एकदम वाजल्यासारखं. नाव इंग्रजीत, मला वाचता येत नव्हतं. मालक म्हणायचे, हिचा धंद्यात काय उपयोग? कोण नाचणार हिच्यावर? पण मला आवडायची. भाकरी थापताना लावायची मी. एका बाजूवर वेगवेगळ्या चालींचे पाच-सहा तुकडे. तिसऱ्या तुकड्यात पिन अडकायची, तेवढीच खोड. पिठाच्या हाताने उठून तिला जरा पुढं ढकलावं लागायचं.

"वहिनी, ही?" विलास घाबरले. "लोकं हसतील."

"हसू देत. गाणार तरी नाहीत."

पातळ रेकॉर्डीला पिनेचं तोंड फिरवावं लागतं. जाड रेकॉर्डीला एक बाजू, पातळ रेकॉर्डीला दुसरी, आणि वेगही कमी करायचा. एरवी डोळे मिटून करेन. तेव्हा दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा फिरलं. आबांना म्हटलं, "आबा, तुमच्या पाया पडते, ह्या रेकॉर्डीला हात लावायचा नाही. जग बुडालं तरी."

आणि पिन ठेवली.

लिंबावरच्या कर्ण्यातून त्या सारंग्या सुरू झाल्या. मांडवाने माना वर केल्या. एक म्हातारा म्हणाला, "हे काय साहेबाचं लगीन हाय?" कुणीतरी फिसकन हसलं. पण गायला कुणी नाही. काय गाणार? बांधावरून पळत येणारी माणसं चालायला लागली. कर्णा वाजतोय म्हणजे सगळं ठीक आहे.

दुसरा तुकडा लागला आणि मग माझ्या ध्यानात आलं. त्याची सुरुवात एकट्या बिगुलाची होती. स्वयंपाकघरात मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. पण मेलेल्या शिपायाला निरोप देताना असाच बिगुल वाजवतात, आणि इथं तीन शिपाई बसलेले, आणि आबा. आबांची पाठ ताठ झाली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आवाजाचं बटण हळूच खाली केलं. पिन उचलता येत नव्हती, मीच बजावलं होतं ना! दहा श्वास गेले असतील. मग त्या बिगुलात ॲकॉर्डियन मिसळलं, चाल हसरी झाली. आबांचे खांदे उतरले. मी बटण पुन्हा वर केलं.

कडी वाजली.

हौसाकाकी बाहेर आल्या. सरळ माझ्याकडे आल्या आणि पेटीच्या बाजूला खाली बसल्या. हणमंत मागं आला, त्यांना म्हणाला, "आये," तर त्याला हातानेच थांबवलं. डोळे फिरत्या रेकॉर्डीवर.

तिसरा तुकडा सुरू झाला. मी बोट दांडीच्या टोकाशी नेऊन ठेवलं. अडकली आणि एकच सूर पुन्हा पुन्हा वाजायला लागला, तर ही बाई उठेल. जास्त ढकललं, तर पिन घसरून तोच करकचा आवाज.

"काय करतीस गं?"

"काकी, इथं अडकते. जरा बोट लावून पुढं न्यावी लागते."

"बंद पडंल?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, काकी. शेवटापर्यंत जाईल."

खात्री मला तरी कुठं होती? घरी कधी जायची, कधी अर्धा तुकडाच गिळायची. ती जागा आली. अडकली. एकदा तोच सूर. मी भाकरीच्या पिठाला लावते तसं बोट लावलं, जेमतेम. पिन पुढं गेली. मांडवात कुणाला कळलंसुद्धा नाही. काकींना कळलं. त्यांनी सोडलेला श्वास माझ्या हातावर आला.

पुढचे तुकडे त्या तशाच बसून होत्या. शेवटी सारंग्या हळूहळू खाली उतरल्या, पिन आपली आपण मधे जाऊन फिरत राहिली.

"संपलं?" त्या म्हणाल्या.

"संपलं."

"पुरं?"

"पुरं, काकी."

मांडव बघत होता. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"कुणाचं गाणं हुतं गं हे?"

"कुणाचंच नाही, काकी. ह्याचे शब्द इथं कुणालाच येत नाहीत."

"मग लाव परत," त्या म्हणाल्या, आणि उठून हणमंताच्या मुंडावळ्या सरळ करायला गेल्या. जाता जाता आबांना म्हणाल्या, "आन भाऊजी, तुमी त्या मशिनीपासनं लांब उभं ऱ्हावा."

लग्न गोरजावर लागलं. मंगलाष्टकं भटजींनी माईकवर म्हटली, ती देवाची, त्याला काकींची ना नव्हती. अक्षता पडल्या आणि मी पुन्हा मडमेची रेकॉर्ड लावली. वरातीलाही तीच. त्या विलायती चालीवर बैलगाडी गावातून गेली, आणि म्हातारी माणसं म्हणाली, चाल बरी हाय, पर लेझमाला बसत न्हाई.

मालक दवाखान्यातून घरी आल्यावर सगळं सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "गिटारीच्या रेकॉर्डीवर ओरखडा किती मोठा पडलाय?"

गंमत पुढच्या वर्षी झाली. शेजारच्या गावाहून सुपारी घेऊन माणूस आला, म्हणाला, त्या लग्नातली ती साहेबाची रेकॉर्ड पायजे, ती शुभ असते म्हणे. तिसऱ्या तुकड्यातली खोड काही गेली नाही. दर लग्नात मला तिथं बोट घेऊन बसावं लागायचं.

पुढं मी पुष्कळ वर्षं मशीनवर बसले. मांडवात पुढारी यायचे, त्यांची माणसं पळत येऊन सांगायची, बाई, बंद करा, साहेब बोलणार आहेत. मी म्हणायची, साहेबांना बसवा, चहा द्या. रेकॉर्ड संपली की बोलतील.