जामीन हद्दीतला हवा

माझे यजमान मोंबासाला रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. लग्नानंतर जेमतेम एक पावसाळा आम्ही एकत्र काढला आणि ते बोटीवर चढले. पुढे काही वर्षांनी त्यांनी कळवलं, खोली मिळाली आहे, आता तू ये. पण बेळगावच्या कचेरीत पासपोर्टासाठी सांगितलं, आधी जामीनदार आणा. तिकडे नवऱ्याने टाकलं किंवा त्याचं काही बरंवाईट झालं, तर हिला परत आणायचा खर्च मी देईन, असं लिहून देणारा ऐपतदार माणूस हवा होता.

माझ्या सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. शहापुरात आमचा एक हातमाग होता. ते लुगडी विणायचे, मी सुताच्या कांड्या भरायची. सासूबाई नव्हत्या. मी गेल्यावर कांड्या कोण भरणार, हे आप्पा एकदाही बोलले नाहीत. माग थांबवून डोक्याला पटका गुंडाळायचे आणि म्हणायचे, "चल गं, आजबी बघून येऊ."

गल्लीतला एक सराफ लगेच तयार झाला. त्याला घेऊन कचेरीत गेलो, तर कारकून म्हणाला, "शहापूर संस्थानात येतं. जामीन इंग्रज सरकारच्या हद्दीतला पाहिजे."

"साहेब, मधी एक रस्ताच हाय की," आप्पा म्हणाले.

"रस्ता असू दे. हद्द ती हद्द."

मग बेळगावच्या पेठेत, आमची लुगडी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने चहा पाजला. "आप्पा, तुमच्या हातचं लुगडं मी डोळे झाकून घेतो. पण समुद्रापलीकडचं कुणी बघितलंय? उद्या पोरानं तिकडं दुसरी केली तर?" खासबागेतल्या एका नातेवाइकाने घरात विचारून सांगतो म्हटलं. पुन्हा गेलो तेव्हा त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "घरात न्हाईत." आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. आप्पा नुसतं "बरं" म्हणून वळले.

असे किती उंबरे झिजवले. प्रत्येक दारात, माझ्या देखत, माझा नवरा मरायचा, मला टाकायचा, दुसरी बायको करायचा. पहिल्यांदा ऐकून रडू यायचं. पुढे पुढे नुसते पाय दुखायचे.

एकदा परत येताना मी म्हणाले, "आप्पा, पुरे झालं. न्हाय जात मी."

ते रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले. पटका काढून तोंड पुसलं. "मलाबी कंटाळा आलाय गं. पण उद्या मी गेलो, तर तुला घेऊन कोण फिरणार?"

शेवटी अनगोळला गेलो; ते गाव सरकारी हद्दीत होतं. तिथला एक शेतकरी दर दिवाळीला लेकीसाठी आमच्या मागावरून लुगडं न्यायचा. त्याची स्वतःची भातजमीन होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचंच विचारलं, "नवरा इचारंना झाला तर?"

त्याची लेक सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. तिचा नवरा रंगूनला गेला होता आणि कितीतरी वर्षांत त्याचा पत्ता नव्हता, हे अनगोळात सगळ्यांना ठाऊक होतं. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "अण्णा, तिला बोलवून घेतलंय तिच्या नवऱ्यानं. करा की सही."

शेतकरी उठला. मग त्याने खुंटीवरचा कोट काढला. "चला. कचेरी बंद व्हायच्या आत जाऊ."

निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिने हात धरले. "पाया नको पडू. जा."

त्याच्या जमिनीची चौकशी झाली, आणखी काही खेपा झाल्या आणि पासपोर्ट हातात आला. स्टेशनावर आप्पा गाडी हलेपर्यंत दुसरीकडेच बघत होते.

मोंबासाच्या धक्क्यावर यजमान उभे होते. वाळले होते, ओळखायला क्षणभर लागला.

"एवढा उशीर?" त्यांनी विचारलं.

"जामीन मिळत नव्हता."

"मिळाला न्हवं?" म्हणत त्यांनी माझी ट्रंक उचलली.

खोलीवर जाऊन मी जी आडवी झाले, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. त्यांनी भात करून झाकून ठेवला होता आणि ते कामावर गेले होते.